जमिनीतून मिळालेले लष्करी बक्कल : ओळख आणि तिच्या मर्यादा

महाराष्ट्रातील जुन्या छावण्यांच्या परिसरात, म्हणजे पुणे, खडकी, देवळाली, कामठी यांसारख्या ठिकाणी, घराचा पाया खणताना किंवा विहिरीचा गाळ काढताना पितळेचे एखादे बक्कल हाती येऊ शकते. अशी वस्तू सापडली की तिचा संबंध एखाद्या प्रसिद्ध लढाईशी जोडण्याचा मोह अनावर होतो. आपल्या वाचकांच्या बाबतीत ती लढाई बहुधा कोरेगावचीच असते. हा मोह स्वाभाविक असला, तरी इतिहासाला भावनेपेक्षा पुराव्याची गरज अधिक असते. म्हणून असे बक्कल कसे ओळखावे आणि त्यावरून कोणता निष्कर्ष काढू नये, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

आमचा अभ्यासविषय पाली वाङ्मय. लष्करी साहित्याच्या चर्चेत त्याचे काय काम, असे कोणी विचारील. परंतु पट्टा आणि बक्कल यांची नोंद विनयपिटकातही आहे. चुल्लवग्गाच्या खुद्दकवत्थुक्खन्धकात भिक्खूच्या कमरपट्ट्याला 'कायबन्धन' आणि त्याच्या बक्कलाला 'विध' म्हटले आहे. षड्वर्गीय भिक्खू सोन्यारुप्याची बक्कले वापरू लागले, तेव्हा लोकांनी नावे ठेवली. त्यावर भगवंतांनी तशी बक्कले निषिद्ध करून हाड, शिंग, बांबू, लाकूड, लाख, लोह, शंख, सूत अशा साध्या पदार्थांच्या बक्कलांना अनुज्ञा दिली. बक्कल कशाचे आहे यावरून ते धारण करणाऱ्याचे समाजातील स्थान लोक ठरवीत असत, हे या प्रसंगावरून दिसते. लष्करी बक्कलाच्या परीक्षेतही प्रथम धातू, मग घडण आणि शेवटी अक्षरे व अंक असा क्रम ठेवणे हितावह आहे.

घडणीपासून आरंभ करू. सन १८१८ मधील कंपनीच्या देशी पायदळाच्या शिपायाच्या छातीवर दोन पांढरे पट्टे एकमेकांना छेदून जात. एका पट्ट्याला काडतुसांची पेटी, तर दुसऱ्याला संगीन असे. पट्टे जेथे एकमेकांना छेदत, तेथे पितळी तकती बसविलेली असे. मध्यभागी अंक आणि त्याभोवती कडे अशा दोन भागांनी एकमेकांत अडकणारे कमरपट्ट्याचे बक्कल ब्रिटिश पायदळात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रूढ झाले. त्यामुळे कोरेगाव परिसरात अशा घडणीचे बक्कल सापडले, तरी ते १ जानेवारी १८१८ च्या लढाईतील असू शकत नाही. सापाच्या आकाराचा आकडा असलेल्या बक्कलाविषयी तर अधिकच सावध राहिले पाहिजे. सैनिकांप्रमाणेच विद्यार्थी आणि सामान्य नागरिकही तसे पट्टे वापरीत असत.

घडणीनंतर चिन्हांकडे वळावे. बाणाच्या टोकासारखी खूण ही ब्रिटिश सरकारी मालमत्तेची निशाणी होय. तिच्यासोबत रोमन लिपीतील 'आय' हे अक्षर असल्यास ती वस्तू हिंदुस्थानच्या लष्करी भांडारातील समजावी. मुकुट असेल तर वस्तू बहुधा प्रजासत्ताकापूर्वीची. २६ जानेवारी १९५० रोजी सारनाथच्या अशोकस्तंभाचे सिंहशीर्ष राष्ट्रचिन्ह झाले आणि लष्करी चिन्हांवरील मुकुटाची जागा त्याने घेतली. साम्राज्याचा मुकुट जाऊन धम्मविजय हाच श्रेष्ठ विजय मानणाऱ्या सम्राटाचे चिन्ह सैनिकाच्या गणवेशावर यावे, ही घटना आम्हांस चिंतनीय वाटते. कालनिश्चितीसाठीही ती एक स्पष्ट सीमारेषा आहे.

सर्वांत बोलके असतात ते अंक. ब्रिटिश पायदळातील पलटणींचे अंक १८८१ च्या सुधारणांत जाऊन त्यांना परगण्यांची नावे मिळाली. म्हणून ब्रिटिश पायदळाचे अंकांकित बक्कल सामान्यतः त्यापूर्वीचे मानावे. हिंदी पलटणींचे अंक मात्र १९२२ च्या पुनर्रचनेपर्यंत टिकले, परंतु मध्यंतरी ते बदलत गेले. कोरेगावी लढलेले पायदळ हे मुंबई देशी पायदळाच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण होते. १८२४ मध्ये तिला २ हा स्वतंत्र अंक मिळाला. १९०३ मध्ये मुंबईच्या पायदळ पलटणींच्या जुन्या अंकांत शंभर मिळविण्यात आले, तेव्हा ती १०२ झाली. १९२२ मध्ये ती चौथ्या बॉम्बे ग्रेनेडियर्सची दुसरी पलटण बनली. म्हणजे ग्रेनेडियर्सच्या एखाद्या बक्कलावर १०२ हा अंक असेल, तर ते १९०३ ते १९२२ या काळातील होय. ते कोरेगावच्या पलटणीच्या वारसाचे असेल, पण कोरेगावच्या लढाईचे नव्हे.

याच संदर्भात १११ हा अंक विशेष लक्षणीय आहे. मुंबई पायदळाची ११ वी पलटण १८८२ मध्ये मोडण्यात आली होती. त्यामुळे १९०३ च्या क्रमांकनात १११ ही जागा रिकामी राहिली. पुढे १८९० च्या दशकाच्या आरंभी जातवार पलटणींचे धोरण आले आणि महारांची सैन्यभरती बंद झाली. ज्यांच्या दोन-तीन पिढ्या लष्करात गेल्या होत्या, त्यांच्या मुलांना त्याच लष्कराची दारे बंद झाली. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये आणि शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये या अन्यायाविरुद्ध सरकारकडे अर्ज केले. पहिल्या महायुद्धात मनुष्यबळाची निकड भासली, तेव्हा १९१७ मध्ये महारांची पलटण उभी राहिली आणि तो रिकामा १११ अंक तिला मिळाला. १९२१ मध्ये ही पलटणही मोडण्यात आली. १११ हा अंक या पलटणीकडे अवघी चार वर्षे होता. तसे बक्कल खरोखरच कोठे मिळाले, तर त्याचा काळ इतका निश्चित सांगता येईल की अनेक जुन्या नाण्यांच्या बाबतीतही तसे भाग्य लाभत नाही.

पुढे १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंट स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. १९४६ मध्ये रेजिमेंटला मशीनगनचे काम मिळाल्यावर परस्परांना छेदणाऱ्या विकर्स तोफा बिल्ल्यावर आल्या आणि कालांतराने स्तंभाच्या जागी खंजीर आला. स्तंभ असलेला बिल्ला अर्थातच आधीचा.

आता मर्यादेचा विचार करू. आपल्या बोलीत 'बक्कल' हा शब्द पोलीस शिपायाच्या क्रमांकासाठी रूढ आहे. 'बक्कल नंबर' म्हटले की एक विशिष्ट माणूस ओळखता येतो. लष्करी बक्कलावरील अंकाचे तसे नाही. तो पलटणीचा असतो. बक्कल कोणी घातले, तो कोणत्या गावचा, कोणत्या जातीचा, रणात पडला की निवृत्त होऊन गावी परतला, यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर त्या पितळेत नसते. मुंबईच्या पलटणींत महारांबरोबर मराठे, मुसलमान आणि इतरही शिपाई होते. ते बक्कल भंगारातून, वारशातून किंवा बाजारातूनही त्या जागी आलेले असू शकते.

माणसांची ओळख हवी असेल, तर हजेरीपटांकडे, निवृत्तिवेतनाच्या कागदांकडे आणि शिलालेखांकडे गेले पाहिजे. कोरेगावच्या स्तंभावर मृत सैनिकांची ४९ नावे कोरलेली असून त्यांपैकी २२ नावांच्या शेवटी 'नाक' हा महारांच्या नावांतील ओळखीचा प्रत्यय आहे. महारांच्या सहभागाचा हा पुरावा दगडात कोरलेला आहे, त्याला संशयास्पद बक्कलाच्या आधाराची गरज नाही. उलट चुकीच्या काळाची एक वस्तू पुढे केली, तर विरोधकास तेवढ्यावरून खऱ्या पुराव्यालाही खोटे ठरविण्याची संधी मिळते. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर या स्तंभापाशी गेले, तेव्हा त्यांच्यासमोर हीच कोरलेली नावे होती.

ज्या वाचकांना अशी वस्तू मिळेल त्यांना आमची विनंती आहे, की तिला चिंच किंवा राख लावून घासू नये, कारण अंक आणि कारखान्याची खूण त्यामुळे पुसट होते. जागा, खोली आणि सोबत मिळालेल्या इतर वस्तू यांची त्याच दिवशी नोंद करावी व छायाचित्र घ्यावे. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी जमिनीत मिळाल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे आवश्यक आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्याच्या कक्षेतही येऊ शकते. नीट नोंदलेले साधे बक्कल अभ्यासकाच्या कामी येते. नोंदीविना कपाटात ठेवलेल्या वस्तूभोवती मात्र दोन पिढ्यांत दंतकथा तयार होते, आणि ज्या समाजाचा लिखित इतिहास आधीच अपुरा आहे, त्याला अशा दंतकथा परवडणाऱ्या नाहीत.