टायमिंग बेल्ट : तुटण्याआधी न बोलणारा पट्टा

१/ धावत्या मोटारीतील एक रबरी पट्टा तुटतो आणि क्षणार्धात इंजिनातील पोलाद पोलादावर आदळते. इतका नाजूक दुवा अभियंत्यांनी जाणूनबुजून का स्वीकारला?

२/ चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांमागे कॅमशाफ्टची एक फेरी होते आणि तीच व्हॉल्व्हची उघडझाप ठरवते. मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या वेगात प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो. हा मेळ पूर्वी दातेरी चाके किंवा पोलादी साखळी राखत असे.

३/ १९६२ मध्ये बव्हेरियातील डिंगोल्फिंगच्या ग्लास कंपनीने ‘१००४’ ही मोटार आणली. कॅमशाफ्ट दातेरी पट्ट्याने फिरवणारी, मोठ्या संख्येने उत्पादित झालेली ही पहिली मोटार. पट्टा स्वस्त, हलका, शांत. त्याला वंगणही लागत नसे.

४/ १९६६ मध्ये बीएमडब्ल्यूने ग्लास विकत घेतली. कंपनी लयाला गेली, कल्पना टिकली. त्याच वर्षी फियाटच्या ‘१२४ स्पोर्ट स्पायडर’मध्ये ऑरेलिओ लाम्प्रेदी यांचे पट्ट्यावर चालणारे, दोन कॅमशाफ्टचे इंजिन आले.

५/ दरम्यान अधिक शक्ती आणि इंधनबचतीसाठी इंजिनातील दाब वाढत गेला, मोकळी जागा घटली. अनेक इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकाच जागेत, पण वेगवेगळ्या क्षणी येऊ लागले. १९७६ च्या फोक्सवॅगन गोल्फ डिझेलमध्ये तर पिस्टन वर आल्यावर जागा जवळजवळ उरतच नसे.

६/ अशा इंजिनात पट्टा तुटला की कॅमशाफ्ट थांबतो. काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात. गाडीच्या गतीमुळे क्रँकशाफ्ट मात्र फिरत राहतो. वर येणारा पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात, कधी पिस्टनही फुटतो. पुरेशी मोकळी जागा असलेले इंजिन केवळ बंद पडते. नवा पट्टा बसवला की पुन्हा चालते.

७/ झिजलेली साखळी बहुधा खडखडून इशारा देते. पट्टा बहुधा शेवटपर्यंत गप्प असतो आणि उभ्या गाडीतही त्याचे रबर म्हातारे होते. म्हणून तो किलोमीटर आणि वर्षे मोजून बदलावा लागतो. धातूवरची जबाबदारी अशा रीतीने मालकाच्या नोंदवहीवर आली. ती वही हरवलेली जुनी गाडी विकत घेणाऱ्याला पट्ट्याचे वय कळत नाही. तुटलाच, तर दुरुस्तीचा खर्च मात्र त्याच्याच माथी पडतो.

८/ पुढे अनेक उत्पादक साखळीकडे परतले. पट्ट्याने कारखान्याचा खर्च आणि इंजिनाचा आवाज कमी केला. धोका मात्र नाहीसा झाला नाही, तो गाडीच्या पुढच्या मालकांकडे सरकला.