फुगलेल्या अक्षरांची वंशावळ

पनवेलच्या जुन्या गावातले गणेशोत्सवाचे फलक मी मजकुरासाठी कमी आणि अक्षरांसाठी जास्त पाहतो. अलीकडे त्यांवर एक गुटगुटीत अक्षर वारंवार भेटते. पोटात मोकळी जागा जवळजवळ नाहीच. पोकळी हवी तिथे नुसती बारीक चीर. हा मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मोदक’ फॉन्ट. नाव चपखल आहे, पण अशा फुगीर अक्षरांचे कूळ शोधू लागलो की वाट व्हिएन्नाला जाते.

तिथे १९०३ च्या सुमारास आल्फ्रेड रोलर या चित्रकाराने प्रदर्शनाच्या भित्तिपत्रकांवर अक्षरे इतकी दाट भरली, की अक्षर कुठे संपते आणि कागद कुठे सुरू होतो ते चटकन कळू नये. १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत वेस विल्सनने तीच युक्ती उचलली, अक्षरे वितळल्यासारखी वाकवली, भडक रंग दिले आणि रॉक मैफलींची भित्तिपत्रके केली. हीच ती ‘सायकेडेलिक’ अक्षरे. वाचायला वेळ लागे, पण त्या मंडळींना त्यात काही गैर वाटत नसे.

देवनागरीत हे जसेच्या तसे चालत नाही. रोमन अक्षर सुटे उभे असते. ते हवे तसे फुगवा. आपली अक्षरे शिरोरेषेला टांगलेली, वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार. शिवाय पोटातली एक रेघ बुजली की ‘ब’चा ‘व’ होतो, ‘ष’चा ‘प’. ‘बाबा’चे ‘वावा’ व्हायला कितीसा वेळ!

म्हणून मला इथे कमल शेडगे (१९३५–२०२०) आठवतात. त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोकडून काही घेतले असे मी म्हणत नाही. पण त्याच दशकात ‘रायगडाला जेव्हा जाग येते’, ‘मत्स्यगंधा’ अशा नाटकांची शीर्षके ते रेखाटत होते. वर्तमानपत्री जाहिरातीत रंग नाही, जागा बोटभर. तरी नाव वाचण्याआधी नाटकाची जात कळे, आणि नावही स्वच्छ वाचता येई. ते अक्षर त्या एका नावापुरतेच असे.

फॉन्टला ही चैन नाही. ‘मोदक’ची सुरुवातही हाताच्या रेखाटनांतून झाली; पण कोण कुठला शब्द टंकील याचा नेम नसल्याने प्रत्येक अक्षरातली, जोडाक्षरातली चीर कुठून न्यायची हे आधीच ठरवावे लागले. माझ्या मते खरे कौशल्य त्या चिरेत आहे, जाडीत नाही.

तेव्हा हा फॉन्ट मोठा आणि मोजका वापरावा. ‘बाप्पा’ लिहा, बालनाट्याचे नाव लिहा, मिठाईच्या खोक्यावर लिहा. बारीक आकारात छापला की शाई पसरून चिरा बुजतात, आणि पुन्हा ‘ब’ नि ‘व’ एक. पण तो फुकट मिळतो, फ्लेक्सवाल्याच्या संगणकात हाताशी असतो. एका चौकात मी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’सुद्धा याच अक्षरांत पाहिली, फोटो झाकला तर वाढदिवसाच्या शुभेच्छा वाटाव्यात. पूर्वीच्या बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरने ते दोन शब्द काळ्या रंगात, सरळ, बारीक ब्रशने काढले असते.