नेट की मॅच?

दर शनिवारी सकाळी भाच्याला शिवाजी पार्कला क्रिकेटच्या क्लासला सोडायची ड्यूटी सध्या माझ्याकडे आहे. ताईला शनिवारी ऑफिस असतं, आणि मला शनिवारी उशिरापर्यंत झोपू द्यायचं नाही असा घरातल्यांचा ठराव आहेच. त्यामुळे तो आत नेटमध्ये आणि मी कट्ट्यावर चहा घेऊन, असा दोन तासांचा कार्यक्रम असतो.

दोनेक महिन्यांपूर्वीची गोष्ट. साहेब स्वतःएवढी किट बॅग ओढत बाहेर आले आणि म्हणाले, "मामा, मॅच कधी असते?"

मी म्हटलं, कसली मॅच?

"मॅच रे! आमची. आठ महिने झाले, फक्त नेटच चालू आहे."

मी हिशोब केला तर खरंच की. आठ महिने, आठवड्यातून तीन दिवस, फी वेळच्या वेळी... आणि एकही मॅच नाही. क्लासमध्ये विचारलं तर उत्तर आलं, "आधी बेसिक पक्कं होऊ दे, मग मॅच." ऐकायला पटण्यासारखं आहे. पण मी लालबागच्या चाळीत वाढलेला माणूस. आमच्याकडे नेमकं उलटं होतं. नेट ही गोष्ट आम्ही फक्त पार्कात जाऊन लांबून बघितलेली. गल्लीत असायची ती थेट मॅच. वन टप आऊट, पहिल्या मजल्यावर गेला तर आऊट, आणि काकूंच्या कुंडीला लागला तर सगळी टीम आऊट. टेक्निक शून्य, पण मॅच रोज!

मग प्रश्न पडला की या शहरातून जे खरोखर मोठे खेळाडू झाले त्यांच्या आयुष्यात हे प्रमाण काय होतं? सराव किती आणि सामना किती? रविवारभर त्यावर वाचत बसलो. हाती लागलं ते तुमच्यापुढे मांडतो.

आधी जागेबद्दल. शिवाजी पार्क १९२५ साली लोकांसाठी खुलं झालं तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. दोन वर्षांनी, १९२७ मध्ये, अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने ते शिवाजी पार्क झालं. मैदान अंदाजे अठ्ठावीस एकर. त्यात क्रिकेटचे क्लब, व्यायामशाळा, सभा, फिरायला येणारे आजी-आजोबा सगळे. तिकडे दक्षिणेला आझाद मैदान, त्यात बावीस खेळपट्ट्या. एका मॅचचा थर्ड मॅन दुसऱ्या मॅचच्या मिडऑनच्या शेजारी उभा असतो, आणि चेंडू आला की तो आपला की त्यांचा हे आधी ठरवावं लागतं. बाहेरगावच्या माणसाला हा गोंधळ वाटतो. पण यामुळेच मुंबईत एकाच दिवशी शेकडो पोरांना मॅच मिळू शकली.

आणि मॅचेस होत्याही भरपूर. शाळेतल्या लहान मुलांसाठी गाइल्स शिल्ड, मोठ्यांसाठी हॅरिस शिल्ड. नोकरीला लागलात तर कचेऱ्या-कंपन्यांच्या संघांची टाइम्स शिल्ड. आणि १९४८ पासून कांगा लीग. डॉ. होरमसजी कांगांच्या नावाची ही स्पर्धा चक्क पावसाळ्यात खेळली जाते. एरवी जगभर पाऊस आला की क्रिकेट बंद, पण आमच्याकडे पाऊस आला की स्पर्धा सुरू. ए पासून जी पर्यंत सात डिव्हिजन, न झाकलेल्या विकेटी, गुडघ्याला टेकेल असं गवत. चेंडू कधी उसळेल आणि कधी सरपटत येईल ते त्यालाही माहीत नसतं.

आता गंमत बघा. पावसात मैदानातल्या नेटचे वांधे होतात. म्हणजे सराव जवळपास बंद आणि मॅच चालू! आमच्या फील्डच्या भाषेत सांगायचं तर टेस्टिंग एन्व्हायर्नमेंट बंद आहे, थेट प्रॉडक्शनवर टाका. पण त्यातून काय तयार झालं? शिवाजी पार्कचा विजय मांजरेकर १९५२ मध्ये लीड्सला गेला आणि वयाच्या विसाव्या वर्षी, इंग्लंडच्या हवेत, १३३ धावा करून आला. ओल्या विकेटवर त्याच्याइतका तंत्रशुद्ध कोणी नाही असं जुने लोक अजून सांगतात. गावस्कर, वेंगसरकर कसोटी खेळायला लागल्यावरसुद्धा दादर युनियनकडून कांगा लीग खेळत. दादर युनियन विरुद्ध शिवाजी पार्क जिमखाना ही मॅच म्हणजे तर सणच. लोक छत्र्या घेऊन उभे.

म्हणजे मॅच भरपूर आणि सराव जमेल तसा, अशी मुंबईची जुनी रीत. आता या रीतीला शिस्त कोणी लावली? इथे आचरेकर सर येतात.

रमाकांत आचरेकर मूळचे मालवणचे, जन्म १९३२ चा. स्वतः न्यू हिंद स्पोर्ट्स क्लब, यंग महाराष्ट्र, गुलमोहर मिल्स, मुंबई पोर्ट अशा संघांकडून खेळले. प्रथम श्रेणीचा सामना आयुष्यात एकच, १९६३-६४ च्या मोईनुद्दौला स्पर्धेत, स्टेट बँकेच्या संघाकडून हैदराबादविरुद्ध. एकच! मला वाटतं या एका आकड्यात त्यांच्या पुढच्या सगळ्या पद्धतीचं मूळ असावं. मोठी मॅच मिळणं किती अवघड असतं हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार?

सरांच्या पद्धतीचं सगळ्यात तपशीलवार वर्णन सचिन तेंडुलकरने आपल्या आत्मचरित्रात केलंय. सुट्टीतलं त्याचं वेळापत्रक असं. सकाळी साडेसातला नेट, ते दोन तास. तिथून थेट सराव-सामना, तो संपायचा साडेचारला. मग अर्ध्या तासाची सुट्टी, त्यात वडापाव. पाचला पुन्हा नेट, सातपर्यंत. म्हणजे चार तास नेट आणि मधला सगळा वेळ मॅच, एकाच दिवसात. उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या साठ दिवसांत पंचावन्न मॅचेस! बांद्र्याहून ये-जा झेपेना म्हणून पोरगा पार्काजवळ काका-काकूंकडे राहायला आला. आणि एका मॅचमध्ये बॅटिंग झाली की सर त्याला स्कूटरवर मागे बसवून दुसऱ्या मैदानावर न्यायचे, तिथे पुन्हा चौथ्या नंबरवर बॅटिंग.

पण नुसता हा आकडा बघून भारावून जाऊ नका. मला जास्त महत्त्वाच्या वाटल्या त्या दोन बारीक गोष्टी.

पहिली, ते प्रसिद्ध एक रुपयाचं नाणं. दिवसाच्या शेवटी, पाय गळून गेलेले असताना, शेवटची पंधरा मिनिटं सर मधल्या स्टंपवर नाणं ठेवायचे. क्लबमधला जो तो बॉलिंग टाकायला, साठ-सत्तर पोरं फिल्डिंगला. चेंडू उचलून मारायचा नाही. आऊट केलंस तर नाणं बॉलरचं, टिकलास तर तुझं. अशी तेरा नाणी सचिनने जपून ठेवली आहेत. यात रुपयाची किंमत शून्य आहे हो, पण त्या पंधरा मिनिटांत नेटची मॅच होते. काहीतरी पणाला लागतं. नंतर पॅड-ग्लोव्हजसकट मैदानाला दोन फेऱ्या, ते वेगळंच.

दुसरी गोष्ट बरोबर उलट दिशेची. मॅच चालू असताना सर झाडामागे उभे राहून बघायचे. कोणाचं काय चुकलं ते कागदावर टिपायचे, आणि दुसऱ्या दिवशी नेटमध्ये त्या चुकीचा हिशोब. म्हणजे मॅचचा सराव होतो! जिंकलो की हरलो हा मुद्दा मागे पडतो आणि उद्या सकाळी काय सुधारायचं ते हातात राहतं. आपण रिलीज झाल्यावर बग रिपोर्ट वाचतो (किंवा वाचायला हवेत), तसंच.

थोडक्यात, किती टक्के नेट आणि किती टक्के मॅच हा प्रश्न सरांनी असा सोडवलाच नाही. दोघांमधली भिंत पाडून टाकली.

याला अजून एक बाजू आहे, ती म्हणजे अपयश. कामत मेमोरियल या सरांच्या क्लबकडून सचिनची पहिली मॅच : पहिल्याच चेंडूवर शून्य. दुसरी मॅच : पुन्हा शून्य. तिसऱ्या मॅचमध्ये सात चेंडू टिकला आणि एक धाव केली, तर तेवढ्यानेही त्याला हायसं वाटलं. आता विचार करा, वर्षातून दोनच मॅच मिळत असत्या तर या पोराचं काय झालं असतं? पंचावन्न असतात तेव्हाच पहिले दोन भोपळे परवडतात.

मॅचची नशाही वाईट, हे सरांना माहीत होतं. शाळेकडून एका मॅचमध्ये सचिनच्या चोवीस धावा झाल्या. तीस केल्या तरच पेपरात नाव यायचं. स्कोअररने संघाच्या अवांतर धावांतल्या सहा याच्या खात्यात टाकल्या आणि नाव छापून आलं. सर भडकले. जी धाव तू काढली नाहीस ती तुझी कशी? आणि एकदा तो स्वतःची मॅच बुडवून वानखेडेवर शाळेच्या मोठ्या मुलांची हॅरिस शिल्ड फायनल बघायला गेला, तर सरांची थप्पड खाल्ली. दुसऱ्यांसाठी टाळ्या काय वाजवतोस, असं खेळ की लोक तुझ्यासाठी वाजवतील, असा त्याचा अर्थ होता.

इथपर्यंत गोष्ट छान आहे. आता तिची दुसरी बाजू.

फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान. हॅरिस शिल्डमध्ये शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स. ८४ वर दोन विकेट पडल्या आणि चौदा वर्षांचा सचिन आणि सोळा वर्षांचा विनोद कांबळी एकत्र आले. पुढे काय झालं ते पाठ आहे आपल्याला. ६६४ धावांची अभंग भागीदारी, सचिन नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९, डाव ७४८ वर दोन बाद घोषित. तोही उशिराच, कारण डाव सोडा असा सरांचा निरोप होता आणि या दोघांनी बाहेरून होणाऱ्या खाणाखुणांकडे बघायचंच टाळलं.

या सगळ्या वेळात पुढच्या नंबरचा एक मुलगा पॅड बांधून बसला होता. तेरा वर्षांचा अमोल मुझुमदार. तासन् तास, दुसऱ्या दिवशीही. बॅटिंग आलीच नाही.

आपण ६६४ ची गोष्ट गेली कित्येक वर्षं सांगतोय, पण शहरातल्या बहुतेक पोरांची गोष्ट ही पॅड बांधून बसलेल्याची आहे. बावीस खेळपट्ट्या असोत की अठ्ठावीस एकर, एका वेळी क्रीजवर दोघेच उभे राहतात. मॅचने घडतं हे खरं, पण मॅच मिळते कोणाला? जो आधीच चांगला आहे त्याला स्कूटर मिळते. बाकीच्यांना नेट मिळतं, आणि त्यातही शेवटचा नंबर.

मुझुमदारचं पुढे काय झालं? १९९३-९४ मध्ये रणजी पदार्पणात, हरियाणाविरुद्ध २६०. इतक्या वर्षांचं सगळं साठलेलं बाहेर आल्यासारखं. प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा, २००६-०७ चं रणजी विजेतेपद कर्णधार म्हणून. भारताकडून मात्र एकही सामना नाही. मधल्या फळीत तेव्हा सचिन, द्रविड, गांगुली, लक्ष्मण. म्हणजे पुन्हा पॅड बांधून बसणंच. २०२३ मध्ये तो भारतीय महिला संघाचा प्रशिक्षक झाला, आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत त्या संघाने वर्ल्ड कप जिंकला. मी टीव्हीवर तो क्षण बघितला आणि खरं सांगतो, हरमनप्रीतच्या कॅचइतकंच मला आझाद मैदानाच्या कडेला बसलेलं ते पोरगं आठवत होतं. वाट बघण्याचा सराव त्याच्याइतका कोणाला असेल? पण म्हणून वाट बघायला लावणं बरोबर ठरत नाही, हेही खरं.

आचरेकर सर २ जानेवारी २०१९ ला गेले. डिसेंबर २०२४ मध्ये पार्कात त्यांचं स्मारक झालं. भाच्याला दाखवलं. त्याने विचारलं, "हे सर मॅच लावायचे?" म्हटलं, हो रे बाबा. साठ दिवसांत पंचावन्न. तो बराच वेळ काही बोलला नाही.

असो. मग आम्ही चार-पाच पालकांनी मिळून जमवाजमव केली. दोन टीम, पंधरा-पंधरा ओव्हर, परळच्या एका मैदानात रविवारी सकाळी. अट एकच : प्रत्येकाला बॅटिंग मिळालीच पाहिजे, आऊट झालास तर झालास. स्कोअरर मी. (अवांतर धावा कोणाच्याही खात्यात टाकल्या नाहीत, शपथ.)

आमचे साहेब तिसऱ्या चेंडूवर बोल्ड. शून्य. येताना टॅक्सीत तोंड एवढंसं. मी त्याला कामत क्लबच्या दोन भोपळ्यांची गोष्ट सांगणार होतो, पण म्हटलं राहू दे, आत्ता नको. दादर आलं तेव्हा स्वतःच बोलला.

"मामा, आत येणारा बॉल मला दिसतच नाही. शनिवारी सरांना तेवढंच विचारायचंय."

आठ महिन्यांत पहिल्यांदा तो नेटमध्ये स्वतःचा प्रश्न घेऊन जाणार आहे. पुढची मॅच महिन्याच्या शेवटच्या रविवारी. एक अंपायर कमी पडतोय, कोणी येत असेल तर सांगा. चहा-वडापाव आमच्याकडून.