फटीतून उलगडणारे क्षितिज

१८४० च्या दशकात पॅरिसमध्ये फ्रिड्रिख फॉन मार्टेन्स यांनी कॅमेऱ्याचे भिंग फिरते केले आणि डागेरोटाइपचा पत्रा वक्र बसवला. सुमारे १५० अंशांचा देखावा अरुंद फटीतून क्रमाक्रमाने उमटू लागला. १९६७ च्या सोव्हिएत ‘होरिझोंत’ने हेच तत्त्व ३५ मिमी फिल्मवर, १२० अंशांत वापरले.

या सोयीची किंमत मात्र काळाच्या रूपाने मोजावी लागते. अशा चित्राची दोन टोके एकाच क्षणाची नसतात. भिंगाच्या फिरण्याच्या दिशेने चालणारा माणूस ताणलेला दिसतो, उलट दिशेने जाणारा आकसतो. समोरून आडवा जाणारा सरळ रस्ता धनुष्यासारखा वाकतो.

१७ मार्च १९८८ रोजी बैकानूरहून झेपावलेल्या भारताच्या ‘आयआरएस-१ए’ उपग्रहात फिल्म नव्हती, भिंगही फिरत नव्हते. तेथे प्रकाशसंवेदकांची एक ओळ होती आणि उपग्रहाची गतीच भूमीचे चित्र ओळीओळीने पुरे करी. रचना निराळी, पण धोका तोच : उपग्रह किंचित डळमळला, तर शेताची सरळ हद्दही चित्रात वाकडी होते. म्हणूनच उपग्रहाचा कल क्षणोक्षणी नोंदवून चित्र दुरुस्त करावे लागते. चित्रात काय दिसते याइतकेच ते किती वेळात घडले, हेही विचारणे विज्ञानाला भाग आहे.