सनदेनंतरचा अभ्यास

डोंबिवलीत फ्लॅट विकून देणाऱ्या इस्टेट एजंटला आता परीक्षा द्यावी लागते. महारेराने जानेवारी २०२३ मध्ये तसा आदेश काढला: आधी प्रशिक्षण, मग परीक्षा, मग सक्षमतेचं प्रमाणपत्र. त्याच इमारतीत दवाखाना थाटलेल्या डॉक्टरला महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी टिकवायची तर पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात. शेजारच्या सीएलाही अभ्यासाचे ठरावीक तास भरून द्यावे लागतात. त्या फ्लॅटचा टायटल सर्च करून 'मालकी हक्क निर्वेध आहे' असं लिहून सही ठोकणाऱ्या वकिलाला मात्र सनद हातात पडल्यापासून तहहयात कोणी विचारत नाही, की बाबा रे, गेल्या वर्षी कायद्यात काय बदललं ते वाचलंस का?

वकील आळशी आहेत असं सुचवायचं नाही. वर्षानुवर्षं नेमाने वाचणारे वकील ठाण्याला आणि कल्याणला भरपूर आहेत. पण ते वाचतात ते स्वतःच्या हौसेने किंवा समोरच्या वकिलाच्या भीतीने. हा रिवाज पडला कसा, हे पाहायला दोनशे वर्षं मागे जावं लागतं.

एल्फिन्स्टनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १८२७ च्या कायदेसंग्रहातल्या दुसऱ्या रेग्युलेशनने मुंबई इलाख्यातल्या दिवाणी अदालतींच्या वकिलांना सनदेच्या चौकटीत बसवलं. ठाण्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणचा वकील हा या सनदेचा वंशज. मुंबईच्या फोर्टातला कारभार मात्र निराळा होता. तिथे १८२४ पासून सुप्रीम कोर्ट होतं आणि तिथे बॅरिस्टर आणि अटर्नी यांचं राज्य. १८६२ मध्ये हायकोर्ट आलं तरी ही दुफळी मिटली नाही. अटर्नी म्हणजेच सॉलिसिटर अशिलाला भेटणार, कागद तयार करणार. कोर्टात उभा राहणार तो बॅरिस्टर किंवा अॅडव्होकेट. मोफसलात, म्हणजे मुंबईबाहेरच्या जिल्ह्यांत, वेगळी उतरंड होती: हायकोर्ट प्लीडर, डिस्ट्रिक्ट प्लीडर आणि सगळ्यांत खाली मुखत्यार.

या प्रत्येक पायरीवर दरवाजा होता आणि दरवाजावर परीक्षा होती. आत शिरल्यावर पुन्हा कोणी तपासत नसे. यातला सॉलिसिटरचा दरवाजा सर्वांत अरुंद. कमरुद्दीन तय्यबजी यांनी १८५८ मध्ये इंग्लंडमध्ये सॉलिसिटर म्हणून नोंद मिळवली, तेव्हा हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. मुंबईतल्या सॉलिसिटरांची संस्था, बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी, १८९४ ची. तिथे सॉलिसिटर व्हायचं तर एखाद्या फर्ममध्ये आर्टिकल्ड क्लार्क म्हणून राबायचं, मसुदे उतरवून काढायचे, सीनिअरच्या लाल खुणा सोसायच्या आणि मग परीक्षेला बसायचं. पिढ्यान् पिढ्या हीच शाळा चालली.

ठाणे-कल्याणच्या मुलाला ही शाळा परवडणारी नव्हती. त्याचा रस्ता प्लीडरच्या परीक्षेचा. त्या रस्त्यावर एक लक्षात ठेवण्याजोगी जागा आहे, ती पुण्यात. डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून १८९० मध्ये बाहेर पडलेल्या टिळकांनी चरितार्थासाठी लॉ क्लास चालवला. हायकोर्ट प्लीडर आणि डिस्ट्रिक्ट प्लीडर परीक्षांची तयारी तिथे होई आणि स्वतः टिळक हिंदू कायदा शिकवत. 'केसरी'चे संपादक म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण वकिली शिकण्याची सोय इंग्रजी फर्मच्या बाहेर, मराठी मुलांच्या आवाक्यात आणणाऱ्यांमध्येही त्यांचं नाव घ्यायला हवं. चरित्रकार या क्लासवरून दोन ओळींत पुढे जातात, हे मला नेहमी खटकत आलं आहे. अर्थात हा क्लासही परीक्षेपुरताच होता. परीक्षा झाली की विद्यार्थी आपापल्या तालुक्याला.

मग पुढचं शिक्षण कुठे होत असे? बाजारात. १८७५ च्या इंडियन लॉ रिपोर्ट्स अॅक्टनंतर सरकारी निकालसंग्रह नियमाने निघू लागले. या कायद्यात एक गंमत होती. सरकारी संग्रहाबाहेरचा निवाडा कोणी दाखवला तर तो ऐकून घेण्याचं बंधन कोर्टावर नव्हतं. तरीही सरकारी खंड येईपर्यंत थांबायला वकिलांना सवड नव्हती. १८९९ मध्ये रतनलाल आणि धीरजलाल या जोडीने 'बॉम्बे लॉ रिपोर्टर' सुरू केला आणि तो इलाखाभर पसरला. पुढे नागपुरातून चितळ्यांचा 'ऑल इंडिया रिपोर्टर' आला. त्याचे खंड १९१४ सालापासूनचे आहेत आणि 'एआयआर' हा शब्द तालुक्याच्या कोर्टातल्या शिपायालाही पाठ झाला. संहितांवरचे भाष्यग्रंथही बाजारातूनच आले. दिवाणी संहितेवर आणि हिंदू कायद्यावर लिहिणारे दिनशा मुल्ला हे मुळात मुंबईतले सॉलिसिटर. फोर्टातल्या बंदिस्त वर्तुळातली विद्या मोफसलातल्या टेबलावर पोचली ती त्यांच्या जाडजूड पुस्तकांतून. 'मुल्ला काय म्हणतो?' असं विचारलं की कोणता मुल्ला ते कोणी विचारत नाही.

ठाण्याला यात एक फायदा होता. बोरीबंदरहून ठाण्याला गाडी १८५३ मध्ये आली, कल्याणला १८५४ मध्ये. रत्नागिरीच्या वकिलाला नवा निवाडा टपालाने मिळे. ठाण्याचा वकील तो प्रिन्सेस स्ट्रीटवर एन. एम. त्रिपाठींच्या दुकानात जाऊन संध्याकाळच्या गाडीने घरी आणू शकत होता. पण वर्गणी भरणं प्रत्येकाला जमत नसे. सुटे अंक येत, वर्षाअखेर ते बाइंडिंगला जात आणि अंकांची फाइल सांभाळणं हे ज्युनिअरचं काम असे. वकिलाच्या मागे त्याच्या घरच्यांना दोन गोष्टींचं काय करायचं ते कळत नसे: काळा कोट आणि भिंतभर रिपोर्टर. कोट राही घरात, रिपोर्टर विकत घेई एखादा नवा वकील. ज्याच्याकडे पुस्तकं, त्याच्याकडे ज्युनिअर. ज्याच्याकडे ज्युनिअर, त्याच्याकडे वेळ. आणि ज्याच्याकडे वेळ, त्याच्याकडेच नवा कायदा. अद्ययावत राहणं ही मालमत्तेची गोष्ट होती आणि बार असोसिएशनच्या वाचनालयाने तिला थोडा उतारा दिला, एवढंच.

स्वतंत्र भारताने ही उतरंड मोडली. १९६१ च्या अॅडव्होकेट्स अॅक्टने वकील, प्लीडर, मुखत्यार या साऱ्यांच्या जागी एकच वर्ग आणला. बार कौन्सिलं आली, व्यावसायिक वर्तनाचे नियम आले. मूळ कायद्यात नोंदणीपूर्वी प्रशिक्षण आणि परीक्षा यांचीही अट होती. १९७३ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम झाल्यावर आणखी शिकवणी कशाला, असा तो हिशेब. मुंबई हायकोर्टाच्या मूळ शाखेतली सॉलिसिटरची वेगळी जात १९७६ च्या दुरुस्तीने संपली. लॉ सोसायटीची परीक्षा आणि तिच्या आधीची आर्टिकलशिप मात्र आजही चालू आहे. कायद्याने जिला विशेष अधिकार उरलेला नाही अशा पदवीसाठी मुलं आनंदाने राबतात, आणि जी सनद कोर्टाचे दरवाजे उघडते तिच्यासाठी उमेदवारीचा एक दिवसही लागत नाही. आपल्या न्यायव्यवस्थेतली ही उलटी तऱ्हा फारशी कोणाला बोचत नाही.

ठाण्यात टी.एम.सी. लॉ कॉलेज १९७२ मध्ये निघालं आणि कल्याण-डोंबिवलीच्या नोकरदार मुलांना कायदा शिकायला मुंबई गाठण्याची सक्ती उरली नाही. सनदधारक वाढत गेले. त्यांना उमेदवारीची अट पुन्हा लावण्याचा प्रयत्न बार कौन्सिल ऑफ इंडियाने १९९५ च्या नियमांनी केला. व्ही. सुधीर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९९९ मध्ये ते नियम रद्द केले: संसदेने काढलेली अट कौन्सिल मागच्या दाराने आणू शकत नाही. नंतर आली ऑल इंडिया बार एक्झामिनेशन. पहिली परीक्षा मार्च २०११ मध्ये झाली आणि तीही पुस्तकं उघडून. म्हणजे पुन्हा दरवाजाच, आणि तोही सताड उघडा.

दरवाजाच्या आतलं जग मात्र थांबलेलं नव्हतं. या पट्ट्यातल्या वकिलाच्या आयुष्यात कायदे अक्षरशः जमिनीतून उगवले. १९४८ चा कूळकायदा, १९६३ चा मोफा म्हणजे फ्लॅट मालकी कायदा, २००० पासूनचा नवा भाडे नियंत्रण कायदा, २००८ ची डीम्ड कन्व्हेयन्सची तरतूद, १ मे २०१७ पासून रेरा. शेतं गेली, चाळी गेल्या, टॉवर आले, आणि प्रत्येक थराला वेगळा कायदा. यातला एकही थर कच्चा राहिला तर काय होतं ते कल्याण-डोंबिवलीने पाहिलं आहे. पालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून रेरा नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. रेरा क्रमांक आहे म्हणजे सगळं ठीक, ही समजूत तिथे राहणाऱ्यांना महागात पडली. संकेतस्थळावर नंबर पाहणं आणि तो नंबर ज्या परवानगीवर उभा आहे ती महापालिकेत जाऊन पाहणं यांतला फरक कोणत्याही पदवी परीक्षेत विचारत नाहीत. तो सनदेनंतरच्या अभ्यासाचा विषय आहे.

मग १ जुलै २०२४ उजाडला. दंड संहितेच्या ५११ कलमांच्या जागी भारतीय न्याय संहितेची ३५८ आली. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी ५३१ कलमांची नागरिक सुरक्षा संहिता. खुनाचं ३०२ झालं १०३, फसवणुकीचं ४२० झालं ३१८. जुन्या गुन्ह्यांना जुनाच कायदा लागू, त्यामुळे फौजदारी वकिलाला दोन्ही पुस्तकं हाताशी ठेवावी लागली. कार्यशाळा झाल्या, व्याख्यानं झाली, बार रूममध्ये जुन्या-नव्या कलमांचे तक्ते लागले. ज्यांना कार्यशाळेच्या दिवशी तारीख होती ते आले नाहीत. बाकीच्यांनी मोबाइलवर फिरणाऱ्या पीडीएफवर भागवलं, आणि त्या पीडीएफमध्ये कलम चुकलं असेल तर ते कोणी तपासलं हेही कोणाला ठाऊक नाही.

न्यायाधीशांची तऱ्हा वेगळी. त्यांच्या प्रशिक्षणासाठी महाराष्ट्र न्यायिक अकादमी आहे आणि ती याच ठाणे जिल्ह्यात, भाईंदरजवळ उत्तनला. म्हणजे कल्याणच्या कोर्टात व्यासपीठावर बसलेल्याला राज्य शिकवतं, खाली उभ्या असलेल्याने स्वतःचं स्वतः पाहायचं.

तास मोजून शिक्षण होत नाही, हेही खरं. अमेरिकेत मिनेसोटा आणि आयोवा यांनी १९७५ मध्ये वकिलांना सक्तीचं शिक्षण लावलं आणि बहुतेक राज्यं त्यांच्या मागे गेली. इंग्लंडने सॉलिसिटरांना वर्षाला १६ तासांची अट घातली होती, ती २०१६ मध्ये काढून टाकली. खुर्चीत बसून तास भरणाऱ्यांची संख्या वाढली, ज्ञान वाढल्याची खात्री नव्हती. आता तिथला सॉलिसिटर आपल्याला काय येत नाही ते स्वतः लिहून काढतो आणि त्यानुसार शिकतो. आपल्याकडे सक्तीचे तास आले तर चहा-समोशाच्या चर्चासत्रांना ऊत येईल, ही भीती मला आहेच.

पण 'कायद्यात तरतूद नाही' हे कारण आता चालणार नाही. बॉनी फोई लॉ कॉलेजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने फेब्रुवारी २०२३ मध्ये व्ही. सुधीरचा निकाल मोडीत काढला आणि बार कौन्सिलचे अधिकार मोकळे केले. पैशाचा प्रश्न उरतो. सर्वोच्च न्यायालयाच्याच जुलै २०२४ च्या निकालानंतर सर्वसाधारण उमेदवाराकडून नोंदणीचे ७५० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, त्यामुळे नव्या मुलांच्या खिशातून हे शिक्षण चालवणं शक्य नाही आणि योग्यही नाही. तेव्हा महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलने हा भार स्थिरावलेल्या वकिलांवर टाकावा. वर्ग फोर्टात भरवू नयेत. ठाणे, कल्याण, भिवंडी, उल्हासनगर इथल्या बार रूममध्ये कोर्ट सुटल्यावर भरवावेत आणि मराठीत भरवावेत, कारण खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे. आणि वाचकहो, तुम्ही घर घेताना वकिलाकडून टायटलचा दाखला घ्याल तेव्हा त्याला एवढं जरूर विचारा, की परवानगीची मूळ नोंद महापालिकेत जाऊन कोणत्या तारखेला पाहिलीत.