पुढच्या चाकाला ओढ नाही? आधी त्याचा इतिहास बघा

आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितो. पावसाळा तोंडावर आलाय, म्हणून.

गेल्या आषाढात माझा जुना फोर बाय फोर पिकअप ओढ्याच्या चढाला रुतला. मागे टोमॅटोचे 70 क्रेट. लिव्हर फोरव्हीलला टाकला, पण मागची चाकं चिखल उडवत राहिली आणि पुढची जागची हलेनात. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने ओढून काढेपर्यंत लिलाव उठला होता. दुसऱ्या दिवशी माल पडेल त्या भावाने दिला. पुढे मिस्त्रीने ट्रान्सफर केस खोलली, 9 हजार गेले, दोष तसाच. शेवटी एका म्हाताऱ्या जीप ड्रायव्हरने डाव्या चाकाची टोपी हाताने फिरवून बघितली. चिखल सुकून ती अर्धवटच लॉक झाली होती. एवढंच!

त्या दिवसापासून हे चार चाकांचं प्रकरण मुळापासून समजून घेतलं. ते असं.

चारही चाकांना ताकद द्यायची तर खरी अडचण पुढच्या चाकांची. त्यांना ओढायचंही असतं आणि वळायचंही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात क्लिंटनव्हिल गावी ऑटो झाखो आणि विल्यम बेसरडिक यांनी वळता वळता ताकद पोचवणारा जॉइंट बसवला, आणि 1909 साली तिथे फोर व्हील ड्राइव्ह नावाचीच कंपनी निघाली. पहिल्या महायुद्धात तिचे ट्रक हजारोंनी चालले.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याला हलकी गाडी हवी होती. बँटम कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्ट यांनी आराखडा केला आणि 23 सप्टेंबर 1940 ला पहिली गाडी मेरीलँडमधल्या होलाबर्ड छावणीत पोचली. पुढे विलीज आणि फोर्ड यांनी मिळून 6 लाखांवर जीपा बनवल्या. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस, तिथून एक शाफ्ट मागे आणि एक पुढे, ही तिची रचना. आपल्या पिकअपच्या पोटात आजही तीच आहे.

युद्ध संपताच 1945 मध्ये विलीजने हीच जीप शेतकऱ्याला विकायला काढली. नांगर ओढायला, मागच्या पीटीओवर यंत्र फिरवायला. 1946 मध्ये डॉजने लष्करी ट्रकवरून पॉवर वॅगन हा फोर बाय फोर पिकअप आणला. आपल्याकडे महिंद्राने 1947 मध्ये मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. तेव्हा हे यंत्र आधी सैन्याचं, पण लगेच आपलंच झालं म्हणा ना.

आता माझी चूक कुठून आली ते बघा. युद्धातल्या जीपा लोक डांबरी रस्त्यावर चालवू लागले. लिव्हर टूव्हीलला असला तरी पुढची चाकं पुढचा शाफ्ट आणि डिफ्रन्शियल उगाच फिरवत राहायची. आवाज, झीज, पेट्रोलचा खर्च. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलच्या आर्थर वॉर्न यांनी 1948 च्या सुमारास चाकाच्या मधोमध फिरवून सोडवता येणारा हब काढला. फ्री केला की चाक मोकळं, लॉक केला की एक्सलला जोडलेलं. सोय झाली, पण बिघडायची एक नवी जागाही झाली. पुढे गाडीत बसून बटण दाबायची सोय आली, तिच्याबरोबर फ्यूज, वायर, मोटर आणि काही गाड्यांत व्हॅक्यूमची नळी आली.

म्हणून माझा नियम असा झालाय: जो भाग इतिहासात शेवटी आला, तो आधी तपासायचा.

1. बटणाची गाडी असेल तर फ्यूज, वायरचे जोड आणि व्हॅक्यूमची नळी. उंदीर इथेच दात मारतात.
2. मग दोन्ही हब. एक जरी फ्री राहिला तरी डिफ्रन्शियल सगळी ताकद त्या मोकळ्या बाजूला सोडून देतं आणि दुसरं चाकही ओढत नाही. माझं हेच झालं होतं.
3. मग मऊ मातीवर दोन्ही हब फ्री करून, लिव्हर फोरव्हीलला टाकून एकाला गाडी हळू चालवायला सांगा आणि आपण लांब बाजूला उभं राहून पुढचा शाफ्ट बघा. शाफ्ट फिरतोय पण ओढ नाही, तर दोष पुढच्या एक्सलमध्ये किंवा हबमध्ये. शाफ्ट फिरतच नाही, तर लिव्हरची जोडणी किंवा ट्रान्सफर केस. हे बघितल्याशिवाय कुणाला केस खोलू देऊ नका. माझे 9 हजार इथेच वाचले असते.

एक चाक जॅकवर उचलून फोरव्हीलमध्ये गाडी कधीच चालवून बघू नका. जमिनीवरची चाकं ओढतात आणि गाडी जॅकवरून उडते.

अजून एक. लिव्हर अडकला म्हणजे मोडला असं नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यापेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाक थोडं घसरून तो फरक निघून जातो, कोरड्या डांबरावर निघत नाही, आणि सगळा ताण शाफ्टमध्ये भरतो. अशा वेळी लिव्हरला लाथ मारू नका. चाकं सरळ करून चार-पाच फूट रिव्हर्स घ्या, ताण सुटतो. पुढे नवे टायर आणि मागे गुळगुळीत असले तरी असाच ताण येतो.

यंदा मृगाच्या आधी दोन्ही हब खोलून, धुऊन, ग्रीस भरून ठेवलेत. खर्च एका ग्रीसच्या डब्याचा. ओढा तोच आहे, चढही तोच. तुमच्या गाडीची टोपी आज एकदा हाताने फिरवून बघा.