गणकयंत्रावरील दव

पितळेच्या तांब्यात थंडगार पाणी भरून ठेवले, की थोड्याच वेळात त्याच्या बाहेरच्या अंगाला घाम फुटतो. डिचोलीच्या कुंभाराने घडविलेला माठही बाहेरून ओलाच असतो. परंतु या दोन ओलाव्यांची वाट एक नव्हे. माठावरचे पाणी आतले असते. ते मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाझरते, वाऱ्यावर उडून जाते आणि जाताना माठातील उष्णता घेऊन जाते. पितळेला अशी छिद्रे नाहीत. तांब्यावरचे पाणी बाहेरच्या हवेतून आलेले असते. माठाला ओलाव्यामुळे थंडावा मिळतो, तर तांब्याला थंडाव्यामुळे ओलावा चिकटतो. हा भेद नीट उमगण्यास युरोपातील पंडितांना दीडशे वर्षे लागली, आणि आज अतिशीत गणकयंत्रांची सुरक्षितता याच भेदावर अवलंबून आहे.

सतराव्या शतकाच्या मध्यास इटलीतील तस्कनीचा अधिपती दुसरा फर्डिनंड याने एक साधे उपकरण बनविले. शंकूच्या आकाराच्या भांड्यात बर्फ भरावयाचा, आणि बाहेरून ओघळणारे पाणी खालच्या मापात जमा करावयाचे. किती वेळात किती पाणी जमते, यावरून हवा दमट की कोरडी हे कळत असे. फ्लॉरेन्स येथील विद्वत्सभेने 1667 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगवृत्तांतात त्याचे वर्णन आहे. पुढे 1751 साली फ्रान्समधील माँपेलिए येथील वैद्य शार्ल ल रुआ याने पेल्यातील पाणी बर्फाने हळूहळू थंड करीत नेले आणि पेल्यावर ओल धरू लागते ते तापमान टिपले. आज आपण यालाच दवबिंदू म्हणतो. 1814 साली लंडनचा वैद्य विल्यम चार्ल्स वेल्स याने लोकरीचे मोजके पुंजके रात्री बागेत ठेवून, नंतर ते तोलून, दव आकाशातून पडत नाही हे दाखविले. भोवतालच्या हवेपेक्षा वस्तू अधिक थंड झाली, म्हणजे हवेतील बाष्प तिच्यावर येऊन बसते.

हे अंकांत पाहिले, म्हणजे आपल्या प्रांताची अडचण स्पष्ट होते. हवेचे तापमान 30 अंश आणि आर्द्रता शेकडा 80 असेल, तर एका घनमीटर हवेत सुमारे 24 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने असते. तिचा दवबिंदू सुमारे 26 अंश. तीच हवा शून्य अंशापर्यंत निवविली, तर तिच्यात जेमतेम 5 ग्रॅम बाष्प राहू शकते. उरलेले 19 ग्रॅम पाण्याच्या रूपाने बाहेर पडते. म्हणजे पेडण्यातील अशा पावसाळी दिवशी 20 अंशांची वस्तूदेखील ओली होते. हिवाळ्यातील कोरड्या हवेच्या देशात तीच वस्तू खडखडीत कोरडी राहील. मग शून्याखाली गेलेल्या वस्तूची कथा काय! तिच्यावर प्रथम हिम साचते, आणि यंत्र बंद होऊन ती तापू लागली, की त्या हिमाचे पाणी होऊन नाजूक जोडण्यांत उतरते. त्यात धूळ आणि समुद्राकडचे क्षार मिसळले, की त्यातून वीज वाहू लागते आणि तांब्याच्या बारीक रेषा गंजू लागतात.

असे असता गणकयंत्र एवढे थंड करावयाचेच कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर वेगात आहे. अर्धवाहक पदार्थ थंड झाला, म्हणजे त्यातील अणूंची थरथर कमी होते आणि विद्युत्कणांची वाट मोकळी होते. अमेरिकेतील ईटीए सिस्टिम्स या कंपनीने 1987 साली बाजारात आणलेल्या ईटीए-10 या महागणकाच्या थोर आवृत्त्यांत गणनेचे भाग उणे 196 अंशांच्या द्रवरूप नत्रवायूत बुडविलेले असत. एवढ्या थंडीत त्यांचा वेग जवळजवळ दुप्पट होई. ती कंपनी 1989 साली बंद पडली, परंतु मार्ग दिसला होता. पुढे हौशी मंडळींनीही घरच्या गणकयंत्रांवर द्रव नत्र ओतून वेगाचे विक्रम करण्यास आरंभ केला.

या सर्वांना पाण्यापासून बचाव करण्याचे जे उपाय सापडले, ते मुळात तीनच आहेत आणि तिन्ही गणकयंत्राहून जुने आहेत.

पहिला उपाय म्हणजे थंड वस्तू आणि हवा यांच्यामध्ये जाड आडोसा घालणे. 1834 साली अमेरिकेतून मुंबईस जहाजाने बर्फ आला. या व्यापारात बर्फ लाकडाच्या भुशात रचून हजारो मैल नेत असत. हौशी मंडळी आज भुशाऐवजी रबराचा फेस वापरतात आणि जोडण्यांच्या फटींत व्हॅसलिन भरतात. यातील मर्म असे, की आडोशाचे बाहेरचे अंग दवबिंदूपेक्षा उबदार राहिले पाहिजे, आणि त्यात एकही फट असता कामा नये. फट राहिली, की हवा आत शिरते आणि आडोसाच भिजतो.

दुसरा उपाय म्हणजे हवाच कोरडी करणे. 1902 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलीन भागातील एका छापखान्यात दमटपणामुळे कागद आकसत-फुगत असे आणि रंग जागेवर बसत नसत. तरुण अभियंता विलिस कॅरियर याने हवा थंड नळ्यांवरून नेली. दव पडू दिले, पण कागदावर नव्हे, नळ्यांवर. वातानुकूलनाचा जन्म असा झाला. माणसाच्या सुखाचा विचार नंतर आला. वस्तूभोवती कोरडा नत्रवायू भरून ठेवणे, हे याच युक्तीचे पुढचे पाऊल होय.

तिसरा उपाय सर्वांत मूलगामी. जेथे हवाच नाही, तेथे बाष्प कोठून येणार? 1892 साली जेम्स ड्यूअर याने दुहेरी भिंतींचे पात्र करून दोन भिंतींमधील हवा काढून घेतली. आत अतिशीत द्रव असूनही पात्राचे बाहेरचे अंग खोलीइतकेच उबदार राहते, म्हणून त्यावर दव धरत नाही. आपल्या घरचा थर्मास हा त्याचाच वंशज.

या तिसऱ्या उपायाचे अगदी अलीकडचे उदाहरण मुंबईचे आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 च्या सुमारास टिफ्रॅक हे गणकयंत्र उभे राहिले. त्यात सुमारे 2,700 निर्वात नलिका होत्या, आणि त्यांची उष्णता बाहेर काढणे हीच तेव्हाची चिंता होती. त्याच संस्थेच्या कुलाबा येथील आवारात 2024 साली, पुण्यातील संरक्षण प्रयोगशाळेच्या सहकार्याने, सहा क्यूबिटांच्या पुंजगणकाची चाचणी पूर्ण झाली. त्याचे अतिवाहक भाग निरपेक्ष शून्याच्या अगदी निकट, निर्वात पात्रात ठेवावे लागतात. खिडकीबाहेर अरबी समुद्र आणि आत अवकाशाहून अधिक थंडी! त्या दोहोंमध्ये उभी आहे ती हवेविना रिकामी पोकळी.

श्रोतेहो, हा इतिहास गोमंतकालाही परका नाही. वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रात ध्रुवप्रदेशातून आणलेले बर्फाचे नमुने उणे 20 अंशांच्या दालनात जपले जातात. पेडण्यात तुये येथे इलेक्ट्रॉनिक उद्योगांची वसाहत आखली गेली आहे. अशा ठिकाणी शीतयंत्रे बाहेरून येतील, त्यांच्यासोबत कोरड्या देशांत लिहिलेल्या सूचनाही येतील. त्यांवर विसंबून आषाढातील पेडण्यात यंत्र चालविणे धोक्याचे आहे. येथे प्रथम हवेचा दवबिंदू मोजावा, फटी बुजवाव्यात, आणि थंड झालेला भाग उघड्या हवेत काढण्यापूर्वी बंद आवरणातच खोलीच्या तापमानास येऊ द्यावा. ओल दिसू लागल्यावर ती पुसत बसण्यात अर्थ नाही, कारण पुसलेल्या जागी हवा पुन्हा पाणी आणून ठेवते. थंडी विकत घेता येते. कोरडेपणा मात्र ज्या त्या गावाची हवा ओळखूनच राखावा लागतो.